आठ ग्रॅम

"अहो, साडेबारा झाले. अप्पा अजून पाटावरच आहेत."

महेश्वरीनं दार अर्धंच उघडून सांगितलं. नंदीशच्या कानाला हेडफोन होता आणि पडद्यावर पुण्याच्या ऑफिसातली सात माणसं आपापल्या चौकटीत बोलत होती. त्यानं आपला आवाज बंद केला.

"सकाळपासून?"

"सात वाजल्यापासून. मघाशी डोकावले तर डबी हातात धरून नुसते बसलेत. उघडलीसुद्धा नाही. म्हटलं, अप्पा, आजच्या दिवस राहू द्या, दोन घास खाऊन घ्या. तर मलाच म्हणाले, तू जा पोरी, तुला उशीर व्हायलाय." तिनं पर्स खांद्याला लावली. दवाखान्यातली तिची दुपारची ड्युटी एकला सुरू व्हायची. "तुम्ही बघा की जरा."

नंदीश आतल्या खोलीत गेला. भिंतीकडं तोंड करून शिवयोगी अप्पा बसले होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, समोर पाण्याचा तांब्या, बेलाची पानं, विझलेली उदबत्ती. उजव्या हातात चांदीची डबी घट्ट धरलेली. डावा हात मांडीवर उताणा होता आणि तो हलत होता. अंगठा आणि बोटं एकमेकांवर अशी घासत होती, जणू कुणी अदृश्य वात वळतंय.

"अप्पा."

"आलास? कामाचं बघ की तू."

"गोळी तरी घ्या. डॉक्टर काय म्हणाले? सकाळी सातला, उपाशीपोटी."

"पूजा झाल्याबगर तोंडात कसं घालू?"

"गोळी घेतल्याशिवाय हात थांबत नाही. हात थांबल्याशिवाय पूजा होत नाही. आणि पूजा झाल्याशिवाय गोळी नाही. असं कसं चालंल?"

अप्पा हसले. "तेच तर मी बी सकाळधरनं इचार करायलोय."

वयाच्या आठव्या वर्षी गुरूंनी अप्पांच्या गळ्यात इष्टलिंग बांधलं होतं. तेव्हापासून सहासष्ट वर्षं नेम मोडला नव्हता. आंघोळ, मग डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर पाणी घालायचं, विभूती, बेल, आणि मग त्याच्याकडं बघत बसायचं. नजर हलता कामा नये आणि हातही. त्याआधी चहाचा घोटसुद्धा नाही. होटगी जंक्शनला पॉइंट्समन असताना रात्रपाळी संपवून, दोन गाड्यांच्या मधे केबिनच्या कोपऱ्यात बसून त्यांनी पूजा केली होती. नंदीशची आई गेली त्या सकाळीही केली होती. आणि दोन वर्षांपूर्वी कंपवात सुरू झाला, तो नेमका डाव्या हातापासून.

मठात सोमवारच्या कीर्तनाला तिथल्या विरेश स्वामींच्या मागं उभं राहून अप्पा टाळ वाजवायचे. ते सगळ्यात आधी सुटलं. "स्वामी, टाळ माझ्याआधीच वाजायलाय," असं म्हणून त्यांनी हसत हसत टाळ खाली ठेवला आणि मागं जाऊन बसले. सभागृह हसलं. तेही हसले. पूजा मात्र सोडता येत नव्हती. कधी दहाला व्हायची, कधी दोनला. ज्या दिवशी हात अगदीच ऐकायचा नाही, त्या दिवशी डबी उघडायचीच नाही आणि जेवायचंही नाही. आठ महिन्यांत वजन नऊ किलोनं उतरलं होतं.

"काल किती वाजता जेवलात?" नंदीशनं विचारलं.

"जेवलो की."

"किती वाजता, अप्पा?"

अप्पांनी भिंतीकडं बघितलं. "काल न्हाय. परवा."

नंदीश परत खुर्चीत जाऊन बसला. संगणकाच्या भाषेत या प्रकाराला नाव होतं. दोन कामं एकमेकांची वाट बघत थांबतात आणि दोन्ही कायमची थांबतात. डेडलॉक. एकोणचाळीस वर्षांच्या आयुष्यातली सोळा वर्षं त्यानं असल्याच गाठी सोडवण्यात घालवली होती. कुठंतरी एका जागी हात घालायचा आणि गाठ फोडायची. त्याला वाटलं, इथं हात घालायची जागा म्हणजे हातच.

जुळे सोलापूरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची मागची गॅलरी नंदीशची होती. तिथं महेश्वरीला कपडे वाळत घालायलाही परवानगी लागायची. फरशीवर काढलेल्या काळ्या रेघेवरून धावणारी गाडी होती, साखरेचे चौकोन उचलून कपात टाकणारा एक हात होता. तो तीनातला एक चौकोन बाहेरच टाकायचा. आठवडाभर दुसऱ्यांचे प्रोग्रॅम दुरुस्त करून झाले, की रविवारी तो गॅलरीत मांडी घालून बसायचा आणि स्वतःची यंत्रं बिघडवायचा. अप्पा खुर्ची घेऊन शेजारी बसायचे. "ह्याचा उपेग काय?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. रेल्वेतल्या माणसाला चाक फिरलेलं आवडतं.

नव्या पेठेत जोतीरामचं दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेपासूनचा दोस्त. नंदीशनं कागदावर आकृती काढून त्याच्यापुढं ठेवली.

"काय बे नंद्या, परत खेळणं का?"

"अप्पांसाठी आहे. हात यात ठेवायचा. हात डावीकडं हलला की मोटार उजवीकडं ढकलणार. इतकं बारीक, इतकं झटक्यात, की वरचं काही हलणारच नाही."

"म्हंजे हात हलणार, पण हलला हे कुणाला कळणार नाही."

"तसंच."

"आयला, असलं एक माझ्या तोंडाला बसवून दे की. घरात बोललेलं बाहेर कळायला नको." जोतीराम फळीमागं गेला, खुडबूड करून किराणा दुकानातल्या मोडक्या वजनकाट्याचं पोट घेऊन आला. "वजन बघायला हे लाव. काटा मेलाय, पण आतलं जित्तं आहे. ग्रॅमभर इकडं-तिकडं होईल, जास्त नाही."

वजन बघणं नंदीशला सुरक्षिततेसाठी हवं होतं. हातावर काही ठेवलं असेल तरच मोटारी चालू व्हाव्यात. आणि वरचं वजन एकदम बदललं, तर वस्तू उचलली गेली असं समजून यंत्रानं हात सोडून मूळ जागी परत यावं, म्हणजे मनगटाला इजा नको. प्रोग्रॅममधली ती एक ओळ त्यानं वडिलांच्या काळजीनं घातली होती.

अप्पांची अट एकच होती. "लिंग माझ्या तळहातावरच पाहिजे. मधी पत्रा नको, कापड नको."

"नाही अप्पा. मशीन हाताच्या खाली. वर तुमचाच हात."

"मग चालतंय."

चाचणीसाठी लिंग मागायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नसतो, एवढं नंदीशच्या लक्षात होतं. त्यानं महेश्वरीच्या पूजेच्या डब्यातली एक मोठी गोल सुपारी घेतली आणि अप्पांच्या तळव्यावर ठेवली. काट्यानं आठ ग्रॅम दाखवले. पहिल्या आठवड्यात सुपारी खोलीभर उडाली. दुसऱ्या आठवड्यात ती नुसती डुलली. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मोटारींचा माशी घोंघावल्यासारखा बारीक आवाज सुरू झाला आणि सुपारी थांबली. मनगटाच्या वर दंडापर्यंत थरथर तशीच होती, पण सुपारी देवळातल्या नंदीसारखी बसून राहिली.

अप्पा तिच्याकडं बघतच राहिले. "थांबली की रं ही," ते हळूच म्हणाले.

पूजेत लिंगावर घालायचं पाणी नंदीशला त्या वेळी आठवलं नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी, होस्टेलवर, त्यानं स्वतःच्या गळ्यातलं लिंग काढून बॅगेत ठेवलं होतं. खोलीतली मुलं चेष्टा करायची म्हणून. पुढं नुसती सवय म्हणून. अप्पांनी ओळखलं होतं, विचारलं नव्हतं. वीस वर्षांत तो पूजेच्या खोलीबाहेर उभा राहून पूजा संपायची वाट बघणारा माणूस झाला होता. आत काय काय होतं, ते त्याला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि हाताला आठवणं वेगळं.

सोमवारी सकाळी सातला अप्पांनी पाटाशेजारी यंत्र मांडून घेतलं. पूजेत कुणी बघत बसायचं नाही, म्हणून दार लोटलं. नंदीश आणि महेश्वरी हॉलमध्ये थांबले. दारामागून घोंघावणं ऐकू आलं. मग थांबलं. मग बराच वेळ काहीच नाही. आठला दार उघडलं. अप्पा बाहेर आले. कपाळ ओलं, गळ्यात डबी, चेहरा अगदी शांत.

"झाली पूजा?" नंदीशनं विचारलं. 

अप्पांनी त्याच्याकडं बघितलं. मग टेबलाकडं. महेश्वरीनं पहाटे उठून हुग्गी, गव्हाची गोड खीर, केली होती, वर तूप सोडलं होतं. तीन ताटं मांडली होती. मोबाईल फोटो काढायला तयार होता.

"झाली," अप्पा म्हणाले.

ते आठ वाजून पाच मिनिटांनी जेवायला बसले. दोन वाट्या हुग्गी खाल्ली. तिसरी वाढताना "साकु, साकु, लई झालं" म्हणून वाटीवर हात धरला. नंदीशनं तो फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. बहिणीचा विजापूरहून फोन आला. ती रडत होती. जोतीरामनं लिहिलं, "म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांग बे." त्या दिवशी ऑफिसच्या कॉलवर नंदीश दोनदा कारण नसताना हसला.

नंतरचे दिवस घड्याळासारखे गेले. सातला दार लोटायचं, घोंघावणं सुरू, आठला दार उघडायचं. आठला गोळी, साडेआठला भाकरी. गोळी वेळेवर पोटात गेल्यामुळं दिवसभर हात पुष्कळ शांत राहू लागला. अप्पा बोलायचे कमी. पण ते आधीही फार बोलत नसत. सोमवारी कीर्तनाला जायचं त्यांनी टाळलं. पाय दुखतात म्हणाले. महेश्वरीला एवढंच जाणवलं, की पूजेच्या खोलीतला तांब्या आता रोज भरलेला तसाच परत येतो. तिला वाटलं, यंत्राजवळ पाणी नको म्हणून जपत असतील. नंदीशला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

चौथ्या शनिवारी डॉक्टरांनी वजन केलं. सव्वादोन किलो वाढलं होतं. "हे तुम्ही केलं?" डॉक्टरांनी नंदीशला विचारलं. "मला थरथरीचा आलेख पाठवता का? सगळ्या दिवसांचा?"

यंत्र रोजची नोंद ठेवायचं. नंदीशनं दुपारी घरी येऊन ती पहिल्यांदाच उघडली. इतके दिवस उघडायची गरज पडली नव्हती; चालणाऱ्या यंत्राची नोंद कुणी वाचत नाही. आलेख सुंदर आला होता. तो पाठवायला निघाला आणि शेजारच्या रकान्याकडं सहज लक्ष गेलं. वजनाच्या.

शनिवार, आठ ग्रॅम. शुक्रवार, आठ ग्रॅम. गुरुवार, आठ. तो मागं मागं गेला. एखाद्या दिवशी सात, एखाद्या दिवशी नऊ. पण एका बैठकीत सुरुवातीला आठ आणि शेवटी आठच. मधे काही वाढलं नाही, काही कमी झालं नाही. तळहातावर पाण्याचा थेंबही पडला नव्हता.

अगदी पहिल्या सोमवारी मात्र एक्केचाळीस ग्रॅम होते. सात वाजून सोळा मिनिटांनी एक्केचाळीस. सात सतराला त्रेपन्न, लगेच एकसष्ट. मग यंत्राची स्वतःची नोंद: वजनात अचानक बदल, हात सोडला, मूळ जागी परत. त्यापुढं शून्य.

त्यानंतर त्या दिवसाची एकही ओळ नव्हती.

नंदीशनं नोंद तशीच उघडी ठेवली. मग उठून गॅलरीत गेला. अप्पा खुर्चीत बसून खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा बघत होते.

"अप्पा, त्या पहिल्या सोमवारी लिंग पडलं का?"

अप्पांनी मान वळवली नाही. रिक्षांकडं बघतच म्हणाले, "मशीननं सांगितलं व्हय?"

"पडलं का?"

"पाणी घातलं. हात एकदम खाली आला. फरशीवर पडलं." त्यांनी गळ्यातली डबी मुठीत धरली. "चीर गेलीय. मधनं."

"मला हाक का नाही मारली?"

"काय म्हणून मारू? बसलो हुतो. आठापातूर बसलो हुतो. ठरवलं हुतं, भायेर जाऊन तुला सांगायचं, स्वामींकडं जायाचं. दार उघडलं. तर तू हुबा. लहानपणी पास झाल्यावर हुबा राहायचास तसा." अप्पांनी डबी सदऱ्यात सारली. "पोरीनं हुग्गी केलेली. तीन ताटं. मला न्हाय सांगता आलं रं."

"मग सुपारी?"

"मोटार वाजाय पायजे न्हवं? वर काय ठेवल्याबगर ती वाजत न्हाय. आवाज न्हाय आला तर तू आत यायचास." आता त्यांनी नंदीशकडं बघितलं. "लिंग पडलं, त्याचं एवढं न्हाय. माणसाच्या हातनं पडतं. पर मी दुसऱ्या दिवशी तितं सुपारी मांडली, आन् वर बेल वाह्यला. सव्वीस दिस. आन् भायेर यिऊन जेवलो. चवीनं जेवलो, नंदू. भूक लागायची मला."

नंदीश त्यांच्या पायाशी फरशीवर बसला. काळ्या रेघेवर.  अप्पांचा हात त्याच्या डोक्यावर आला आणि तिथंच थरथरत राहिला.

"तू चांगलंच केलंस," अप्पा म्हणाले. "ते सांगायचं राह्यलं."

विरेश स्वामी मोहोळला कीर्तनाला गेले होते, सोमवारी परतणार होते. त्यांच्या कानावर घालीपर्यंत तोंडात काही घालणार नाही, असं अप्पांनी सांगून टाकलं. शनिवारची रात्र, रविवार, सोमवार. महेश्वरीनं पाया पडून विनवलं. त्यांनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. गोळीही नाही. रविवारी त्यांचा हात इतका उसळत होता, की ते त्याच्यावर बसून राहिले.

रविवारी नंदीशला दुसरं काही सुचेना, म्हणून त्यानं प्रोग्रॅम उघडला आणि ती ओळ बदलली. पाण्याचं वजन हळूहळू वाढतं आणि ओघळतं, ते ओळखायला यंत्राला शिकवलं. चार मिनिटं लागली.

"पाण्याचं दुरुस्त झालं का?" अप्पांनी खोलीतून विचारलं.

"झालं."

"मग बरं."

सोमवारी संध्याकाळी मठ भरलेला होता. पेटीनं सूर धरला, मृदंगावर थाप पडली आणि विरेश स्वामींनी दोन्ही हात वर करून पहिली ओळ उचलली. ती ओळ टाळकऱ्यांनी झेलली, बायकांनी झेलली, मागच्या भिंतीपर्यंत गेली आणि परत आली. नंदीश वीस वर्षांनी इथं बसला होता. त्याला वाटलं होतं परकं वाटेल. पण अंगावर काटा आला तो आपल्या मनानंच आला. स्वामी गाता गाता थांबले. "मागची मंडळी डोळे मिटून ध्यान करायलेत का झोपलेत, कळंना झालंय. झोपले असतील तर हरकत नाही, आईच्या मांडीवर झोपलेल्याला कुणी उठवत नाही." लोक हसले. अप्पा चपलांच्या शेजारी, उंबऱ्यापाशी बसले होते. पुढं या म्हटलं तरी आले नाहीत. त्यांचे ओठ मात्र प्रत्येक ओळीला हलत होते.

कीर्तन संपल्यावर स्वामींच्या खोलीत अप्पांनी सगळं स्वतः सांगितलं. आपल्याला सोयीचं एक अक्षर घातलं नाही. यंत्राचा उल्लेख आला तेव्हा "पोरानं लई मायेनं केलेलं" एवढंच म्हणाले. मग गळ्यातली डबी काढून स्वामींपुढं ठेवली.

स्वामींनी ती उघडली, चिरेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"गोळीचं मला का नाही विचारलंत?" ते म्हणाले.

नंदीशनं अप्पांकडं बघितलं.

"औषध म्हणजे काय फराळ आहे? कपाळाला विभूती लावायची, गोळी घ्यायची, घंटाभर वाट बघायची, हात थांबला की पूजेला बसायचं. मी एका शब्दानं सांगितलं असतं. आजवर किती जणांना सांगितलंय." ते रागानं बोलत नव्हते. तसं बोलले असते तर नंदीशला सोपं गेलं असतं. "नंदीश, तू इंजिनिअर. एवढी मोठी खटपट केलीस. इथं मठापर्यंत यायला रिक्षानं किती वेळ लागतो?"

"वीस मिनिटं," नंदीश म्हणाला.

"त्याला बोल लावू नका स्वामी," अप्पा म्हणाले. "मी बी विचारलं न्हाय. नेमाला सूट मागायची म्हंजी लाज वाटली. सहासष्ट वर्सं बिनसुटीचं काढलं, म्हणून जरा मिजास हुती मला."

स्वामींनी कपाटातून नव्या लिंगाची डबी काढली. "चीर गेलेल्याची पूजा नाही करता येत. हे घ्या. उद्या सकाळी मी बांधतो."

अप्पांनी हात जोडले. जोडलेले हात एकमेकांवर थडथड वाजत होते.

"नको स्वामी."

"अहो, चुकीला वाट असते. त्यासाठीच तर आम्ही बसलोय इथं."

"व्हय. तुमी मोठ्या मनाचं. पर मी त्याच्याकडं बघत बसणार, आन् मला सुपारीच दिसणार. सव्वीस दिस डोळं भरून तीच बघितलीया." त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. "मन धुतलं गेलं तर यीन. न्हाय तर असाच नाव घिऊन जाईन."

स्वामींनी नवी डबी परत कपाटात ठेवली. त्यांनी आग्रह केला नाही. एवढंच म्हणाले, "दार उघडं आहे. पण उद्यापासून वेळेवर गोळी, वेळेवर जेवण. हा माझा शब्द आहे."

"व्हय स्वामी."

रिक्षात अप्पांचा सदरा वाऱ्यानं फडफडत होता. गळ्याभोवती, डबीच्या दोऱ्याच्या जागी, एक पांढरी बारीक रेघ होती. तिथल्या कातडीनं सहासष्ट वर्षं ऊन पाहिलं नव्हतं. नंदीशनं आपला रुमाल काढून त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळला. अप्पांनी गुंडाळू दिला.

दुसऱ्या दिवशी नंदीशला मोटारीच्या आवाजानं जाग आली. सव्वासहा वाजले होते. तो धडपडत आतल्या खोलीकडं गेला. खोली रिकामी होती, पाट भिंतीला उभा करून ठेवलेला होता. आवाज स्वयंपाकघरातून येत होता.

अप्पा जेवणाच्या टेबलापाशी बसले होते. आंघोळ झालेली, विभूती लावलेली. यंत्र टेबलावर होतं आणि त्यात त्यांचा डावा हात होता. ओट्यावर चहाचं पातेलं, थोडा उतू गेलेला चहा, शेजारी गोळीचं फोडलेलं पाकीट. चहा त्यांनी स्वतःच केला होता. ते इतक्या सकाळी चहा घेताना नंदीशनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"उठलास? बस."

नंदीश उभाच राहिला.

"गोळी घेतली. मग म्हटलं, तुझं हे पडून कशाला राहावं." अप्पांनी हनुवटीनं हाताकडं खूण केली. तळव्यावर बशी होती. बशीत काठोकाठ चहा होता. कोपरापासून वर सगळा हात थरथरत होता, खांदा थरथरत होता, पांघरलेला पंचा थरथरत होता. "मघाधरनं धरलीया. बघ की, एक थेंब सांडला न्हाय."

नंदीशनं बघितलं. चहात वरची ट्यूबलाइट दिसत होती, सरळ, अख्खी.

अप्पा वाकले, आणि त्यांनी फुंकर घातली, तेवढाच काय तो चहा हलला.